काल भाजी कोणती होती

नरक चतुर्दशीच्या आंघोळीचा क्रम आमच्याकडे आदल्या दिवशीच ठरतो. बाथरूम एक, गीझर एक आणि सूर्य उगवायच्या आत सगळ्यांचं आटपायचं. त्या वर्षी क्रम असा होता: आधी ताई, मग नवरा, मग मी, शेवटी मुलगी. चौथीतल्या मुलीला दिवाळीच्या सुट्टीत झोपेतून ओढून पाटावर बसवण्यापेक्षा आधी आपलं आवरून घेतलेलं बरं, हा माझा हिशेब.

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. पिंपळगाव बसवंतला त्यांची द्राक्षबाग आहे. एरवी त्या भाऊबीजेला येतात, पण पावसाळ्यात त्यांच्या सासूबाई गेल्या, त्यामुळे त्यांच्या घरी वर्षभर सण नव्हता. "घरात बसून शेजारच्यांचे फटाके ऐकण्यापेक्षा तुमच्याकडं येते," असं म्हणत त्या वसुबारसेलाच पिशवी घेऊन हजर झाल्या. त्यांना स्वतःला तेल-उटणं लावायचं नव्हतं. त्यांनी साधी आंघोळ उरकली आणि आम्हा सगळ्यांना तेल लावायचं काम अंगावर घेतलं. ताईंचा हात जड. नवरा पाटावर बसून ओरडत होता.

"ताई, मान मोडशील माझी."

"मोडू दे. कंपनीत सायबापुढं वाकवतोस ना रोज, आज माझ्यापुढं वाकव."

नाशिकला दिवाळीतच पहाटेचा गारठा सुरू होतो. बाथरूमच्या वरच्या खिडकीच्या झडपांतून वारा येतो, म्हणून नवऱ्याने आदल्या आठवड्यात थर्माकोलचा तुकडा मापात कापून तिथे बसवला होता. चारी बाजूंनी टेप लावून, अगदी घट्ट. गीझर गॅसचा, बाथरूमच्या आतच. माझी आंघोळ झाली तेव्हा माझं डोकं ठणकत होतं. जागरणाने असेल, असं समजून मी चहाचं आधण ठेवलं.

सगळ्यात जास्त वेळ ताईंनी मुलीला दिला. तिचे केस कमरेपर्यंत होते. वाटीत उरलेलं तिळाचं तेल त्यांनी सगळंच्या सगळं तिच्या डोक्यात जिरवलं. ती अर्धवट झोपेतच आत गेली आणि तिने कडी लावली. मी फराळाची ताटं भरत होते. आतून पाण्याचा आवाज येत होता. मग लक्षात आलं की बादली भरून वाहते आहे आणि तांब्याचा आवाज मात्र येत नाही. हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेच्या आधीच नवऱ्याने खांद्याने दार तोडलं होतं.

ती भिंतीला टेकून घसरलेली होती. गाल लालसर होते, बाहेर धावून खेळून आल्यासारखे. त्यामुळेच की काय, पहिल्या क्षणी मला ती बरी वाटली.

जवळच्या दवाखान्यात ड्युटीवरच्या डॉक्टरांनी नाडी बघता बघता विचारलं, "गीझर गॅसचा आहे का?"

"हो."

"बाथरूमला खिडकी?"

"आहे," नवरा म्हणाला. मग म्हणाला, "बंद केलीय."

त्यांनी लगोलग मास्क लावला. कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही. रक्त ऑक्सिजन सोडून त्यालाच धरून बसतं. एकामागून एक आंघोळी झाल्या, गीझर थंडच झाला नाही, आणि बंद खोलीत तो वायू साठत गेला. शेवटी जो आत जाईल, त्याच्या वाट्याला सगळा. मुलीने तासाभराने डोळे उघडले, पण माझ्याकडे बघितलं ते दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं. डॉक्टर म्हणाले, हिला प्रेशर चेंबरमध्ये न्यायला हवं. जास्त दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन दिला की विषारी वायू रक्तातून लवकर निघतो, आणि मेंदूला इजा होण्याचा धोका कमी होतो. कमी होतो, म्हणाले. टळतो म्हणाले नाहीत. हा फरक मी लगेच टिपला.

चेंबर शहरातल्याच दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये होता. द्वारकेच्या चौकात एरवी ट्रॅफिकमध्ये जीव जातो, त्या सकाळी ॲम्ब्युलन्स सरळ निघाली. रस्ताभर फटाक्यांचे लाल कागद पडले होते.

मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. आमच्याकडे कॉम्प्रेसरला जोडलेली हवेची मोठी टाकी असते. तीच आडवी करून, तिला गोल काचा बसवून आत चार खुर्च्या आणि एक बाक ठेवावा, तसा तो चेंबर होता. तिथली टेक्निशियन पुढे आली, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि स्वतःची बोटं नाकाशी नेली.

"तेल लावलंय?"

"आज अभ्यंगस्नान होतं," मी म्हणाले.

"ते आमच्याही घरी होतं, मॅडम. पण चेंबरमध्ये तेल चालत नाही. एवढ्या ऑक्सिजनमध्ये तेल म्हणजे आगीला निमंत्रण. पूर्ण धुवावं लागेल."

मागे उभ्या असलेल्या नणंदेकडे मी बघितलं नाही. मुद्दामच बघितलं नाही.

स्ट्रेचरच्या कडेवरून मुलीची मान आम्ही बादलीवर धरली. मेडिकलमधून शाम्पूच्या पुड्यांची माळच आणली होती. एक पुडी, दुसरी पुडी. फेस झाला, धुतला, तरी केस बोटांतून सुळकन निसटत. मग कोणीतरी पॅन्ट्रीतून भांड्यांचा साबण आणला. मुलगी डोळे मिटून कण्हत होती. डॉक्टर दोनदा दारात येऊन घड्याळ बघून गेले. नर्सने केस दिव्यापुढे धरले. ते अजून चकाकत होते.

"कापा," मी म्हणाले.

"सगळे?"

"जेवढे लागतील तेवढे."

नर्सने कात्री चालवली. ताईंनी मुलीचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं. त्यांचं बोलणं बंद झालेलं मी पहिल्यांदाच बघत होते. कानापर्यंतचे केस राहिले, ते पुन्हा धुतले, आणि मग टेक्निशियनने मान हलवली.

मग पुढचा प्रश्न आला. आत मुलीबरोबर एक मोठं माणूस हवं होतं. मास्क सरकला तर बघायला, ती घाबरली तर धरायला.

"तेल न लावलेलं कोण आहे तुमच्यात?"

मी आणि नवऱ्याने एकमेकांकडे बघितलं. दोघांच्याही केसांना तेल, कानामागे उटण्याचा वास. सणाला आम्ही दोघं अगदी व्यवस्थित सजलो होतो.

"मी जाते," ताई म्हणाल्या. "मला यंदा तेल नाय."

हात मात्र तेलाचेच होते. टेक्निशियनने ते कोपरापर्यंत, नखांसकट तीनदा घासून घेतले. बांगड्या, मंगळसूत्र, नाकातली मोरणी, सगळं काढून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि हॉस्पिटलचे सुती कपडे घातले. या बाई आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्येही बसत नाहीत. गुडघे दुखत असले तरी तिसऱ्या मजल्यापर्यंत धरून धरून चढतात. चेंबरच्या दारापाशी त्या थांबल्या. "हे आतून उघडतं का?" त्यांनी विचारलं. "नाही, आम्ही उघडतो," टेक्निशियन म्हणाली. ताई "बरं" म्हणाल्या आणि वाकून आत गेल्या.

काचेतून मला दोघी दिसत होत्या. मुलीच्या तोंडावर मास्क, ताईंचा हात तिच्या छातीवर. ताईंचे ओठ हलत होते. काय बोलत होत्या ते बाहेर ऐकू येत नव्हतं. दोन तास त्या बोलतच होत्या.

संध्याकाळी मुलीने मला "आई" म्हटलं. मग डोक्याला हात लावला.

"माझे केस?"

"येतील की," ताई म्हणाल्या. "आमच्या बागेची छाटणी करतो ना, तशी तुझी झाली. बघ आता कसा फुटवा येतो ते."

दुसऱ्या दिवशी पुन्हा चेंबर होता, मी डोकं धुऊन तिच्याबरोबर आत बसले. पण दाब वाढायला लागला तसा माझ्या उजव्या कानात सुई घुसली. गिळून बघितलं, नाक दाबून फुंकून बघितलं, कान मोकळा होईना. माझ्यामुळे सगळं थांबवून दार उघडावं लागलं. मुलगी माझ्याकडे बघत बसली होती. मी बाहेर आले, ताई आत गेल्या. त्यांचे कान ठणठणीत. पुढच्या सगळ्या सिटिंगला त्याच गेल्या.

घरी सोडताना डॉक्टरांनी एक गोष्ट दोनदा सांगितली. या विषाचा परिणाम कधीकधी उशिराही दिसतो. काही आठवडे सगळं छान जातं आणि मग विसरणं, चिडचिड, चालताना तोल जाणं असं सुरू होतं. तेव्हा लक्ष ठेवा, जरा शंका आली की लगेच आणा. लवकर कळलं तर पुन्हा चेंबर देता येतो.

लक्ष ठेवा, हे मला काम म्हणून मिळालं. कामाची माझी एक पद्धत आहे. स्टोअरमध्ये आम्ही रोज थोडा थोडा माल प्रत्यक्ष मोजतो आणि नोंदीशी ताडून बघतो, म्हणजे वर्षाच्या शेवटी धक्का बसत नाही. घरी मी तेच सुरू केलं. कंपनीतून आले की हातपाय धुवायचे आणि मुलीला समोर बसवायचं. आज वार कोणता? काल भाजी कोणती होती? सातचा पाढा. सकाळी कोणाचा फोन आला होता? मग हॉलमधल्या फरशीच्या रेघेवरून चालून दाखव. सगळं बरोबर आलं की मी डॉक्टरांना मेसेज टाकायची: आज ठीक.

एकदा ती वार सांगताना अडली, तेवढं सोडलं तर रोज ठीकच येत होतं. प्लंबरने गीझर काढून नेला होता. थर्माकोल नवऱ्यानेच काढला. कुठे टाकला, मी विचारलं नाही. आंघोळीचं पाणी आम्ही शेगडीवर तापवत होतो. नवरा सकाळी दाढी करताना मधेच थांबून त्या झडपांकडे बघत राही. ताई गेल्या नव्हत्या. मी आणि नवरा कामावर, शाळेने तिला महिनाभर घरी ठेवायला सांगितलेलं, म्हणून त्या राहिल्या. बागेत फवारण्यांचे दिवस होते. रोज फोनवरून त्यांचं चालू असे. "अरे, पानाच्या मागं बघ. पांढरं दिसतंय का? मग आजच मार. मी काय तिथं येऊन चष्मा लावू का तुला?"

मला दोन-तीन गोष्टी खटकत होत्या. एकदा बिस्किटांचा डबा फ्रीजमध्ये सापडला. एकदा मुलीची चादर भर दुपारी धुऊन वाळत घातलेली होती. "पाणी सांडलं," ताई म्हणाल्या. एकदा मुलीने मी वाढलेलं ताट उगाच ढकलून दिलं. पण संध्याकाळचे प्रश्न बरोबर येत होते, आणि मी प्रश्नांवर विश्वास ठेवला.

एका शनिवारी एमआयडीसीत दुरुस्तीसाठी वीज बंद होती. आम्हाला दुपारीच सोडलं. मी लॅच उघडून आत आले तर स्वयंपाकघरातून आवाज येत होते.

"आईने विचारलं, काल भाजी कोणती होती, तर काय सांगशील?"

"वांगं."

"वांगं नाय गं बाय. परवा वांगं. काल गवार."

"गवार."

"आन् वार?"

मुलगी गप्प.

"शनिवार. शनिवारी मारुतीला काय वाहतो? तेल. तेल म्हटलं की शनिवार. ध्यानात ठेव. आन् सातचा पाढा अडला तर मी भांडं वाजवीन, तू म्हण, आत्या केवढा आवाज करतेस, तेवढ्यात आठवून घे."

मुलगी हसली. ताईही हसल्या. मी चपला पायात तशीच उभी.

"ताई," मी म्हणाले.

त्या वळल्या. हातात गवारीच्या शेंगा होत्या. मुलगी पटकन उठून त्यांच्या मागे गेली. माझ्याकडे नाही, त्यांच्या मागे.

"कधीपासून?"

"झाले आठ-दहा दिवस."

"आठ-दहा दिवस ती विसरतेय, आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

"काय सांगायचं? एक दिवस तिला गुरुवार सांगता आला नाय, तर तू मोरीत जाऊन नळ सोडून रडलीस. तिला ऐकू आलं. मला म्हणाली, आत्या, मी चुकले की आई रडते. मग मी काय करायचं? रोज संध्याकाळी पोरीला पाटावर बसवून नापास होऊ द्यायचं?"

"अहो, डॉक्टरांना कळायला नको? ही काय शाळेची परीक्षा आहे?"

"मग तू शाळेसारखी का घेतेस?"

मी वाकून पायातल्या चपला काढल्या. ताईंचा आवाज उतरला. शेंगा त्यांनी ओट्यावर ठेवल्या.

"तेल मीच घातलं होतं ना तिच्या डोक्यात," त्या म्हणाल्या. "तिथं त्या बादलीवर तिची मान धरली होती, आन् तो डॉक्टर घड्याळ बघत होता. मला वाटलं, ती बरीच हाय, बरीच हाय, असं रोज म्हटलं तर होईल बरी."

आम्ही त्याच दुपारी रिक्षा केली. रिक्षात मुलगी आमच्या दोघींच्या मधे बसली होती. नवऱ्याला फोन केला, तो कंपनीतून थेट आला.

डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं. फार गोड आवाज न काढता, सरळ विचारलं, "आज सकाळी काय खाल्लंस?"

मुलीने ताईंकडे बघितलं. ताईंना माहीत होतं. पोहे. सकाळी आम्ही सगळ्यांनी पोहे खाल्ले होते. मी ताईंचे ओठ बघत होते. त्यांनी ते घट्ट मिटले, मान वळवली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मुलगी बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग म्हणाली, "आठवत नाही."

"शाब्बास," डॉक्टर म्हणाले. "आठवत नसेल तर असंच सांगायचं."

पुन्हा चेंबर सुरू झाला. या वेळी रोज, आठवडेच्या आठवडे. पहिले काही दिवस ताई गेल्या. मग त्यांच्या बागेत मजूर मिळेनात, घरून बोलावणं यायला लागलं. कानाच्या डॉक्टरांनी मला तपासून थेंब दिले, टेक्निशियनने दाब अगदी हळू वाढवायचं कबूल केलं आणि मी आत जायला लागले. कानात चट् झालं आणि मोकळं झालं. हवा गरम होते, आवाज जाड होतात, स्वतःचंच बोलणं दुसऱ्याचं वाटतं. फोन नाही, पेन नाही, करायला काही नाही. मुलगी मास्क लावून बाकावर आडवी. पहिल्या दिवशी मी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. तिने ते बघितलं. मास्कमधून म्हणाली, "विचार ना. काय विचारणार होतीस?"

"काही नाही. कान दुखतोय का, एवढंच."

"नाही," ती म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले. तिचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता.

ताई गेल्या त्या सकाळी मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. बस लागलेली होती. "तू तिला विचारत जा," त्या म्हणाल्या. "फकस्त उत्तर आलं नाय तर तोंड पाडू नको." बसची पायरी चढताना गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "आन् आलं तरी लय खूश होऊ नको. ते पण तिला कळतं."

आता ती पाचवीत आहे. शाळेत जाते. वार आठवतात, पाढेही आले. चादर कोरडी असते. डॉक्टर म्हणतात, बरीच सुधारणा आहे, बाकीचं हळूहळू येईल, वय लहान आहे हे तिच्या बाजूने आहे. कधीकधी एखादा साधा शब्द तिला सापडत नाही. "ते, ते, ज्याने पाणी गाळतो ते." तसं सगळ्याच मुलांचं होतं, असं तिच्या वर्गशिक्षिका म्हणतात. कुठलं विसरणं वयाचं आणि कुठलं त्या पहाटेचं, हे सांगणारी तपासणी नाही. मी डॉक्टरांना विचारून घेतलं आहे. नाही.

मी संध्याकाळी विचारायचं बंद केलं आहे. ती आपणहून सांगते. परवा पोळी खाता खाता ती शाळेतल्या भांडणाची गोष्ट सांगत होती. दोघींचं एका पट्टीवरून वाजलं, मग बाई आल्या, मग एक रडली. हातवारे चालले होते, तोंडात घास होता. मी पोळ्या लाटत होते आणि पाठ तिच्याकडे होती, मुद्दामच. गोष्टीच्या मधे ती थांबली. मी वळून बघितलं नाही तरी मला कळलं. नवरा समोर बसला होता, त्याने मला नंतर सांगितलं. ती माझ्या पाठीकडे बघत होती, बरोबर सांगतेय ना मी, असं.

मी लाटणं चालू ठेवलं. "मग?" मी म्हणाले. "मग काय झालं?"